न वाजविलेली तबकडी

गेल्या वैशाखांत आमच्या मिरजेच्या घराचा माळा उतरवावयाचें ठरलें. वाशांना वाळवी लागली होती, आणि पावसाळ्यापूर्वीं डागडुजी केली नाहीं तर माजघर एके दिवशीं अंगावर येईल, असें गवंड्यानें निक्षून सांगितलें होतें. तीन पिढ्या एकत्र नांदलेल्या घराचा माळा म्हणजे काय प्रकार असतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. मोडक्या पाळण्याच्या दांड्या, कल्हई उडालेलीं पातेलीं, चळतीनें बांधून ठेवलेलीं पंचांगें, कोणाच्या तरी मुंजींतला पळसाचा दंड, असें सारें एकामागून एक खालीं येऊं लागलें. त्या ढिगांतून आमच्या नातवानें एक पत्र्याची पेटी ओढून काढली. तींत जुन्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळलेली एक सात इंची काळी तबकडी निघाली.

ही कोणाची, असें त्यानें विचारलें. आमची, असें आम्हीं सांगितलें. मग ती वाजवावयाचें यंत्र कोठें आहे, हा त्याचा पुढचा प्रश्न. यंत्र ह्या घरांत कधींच नव्हतें आणि ही तबकडी आम्हीं एकदांही ऐकलेली नाहीं, हें उत्तर ऐकून तो पोरगा इतका हसला कीं, त्याची आजी हातची भाजी विळीवर तशीच टाकून बाहेर आली. त्यानें तबकडीवरचीं अक्षरें वाचलीं, खिशांतून मोबाईल काढला, आणि अर्ध्या मिनिटांत तेंच गाणें आमच्या पुढ्यांत लाविलें. किशोरकुमार गाऊं लागले. गवंड्याचा हात थांबला. आमची सौभाग्यवती पदरानें घाम पुसत उंबऱ्यावर बसली. आम्ही मात्र तेथून उठलों आणि परसांत विहिरीपाशीं जाऊन उभे राहिलों. अर्ध्या मिनिटांत मिळणाऱ्या त्या गाण्यासाठीं आम्हीं काय दिलें होतें, तें नातवास सांगण्याचें धैर्य त्या क्षणीं झालें नाहीं. वाचकांस सांगतों.

आमचें घर ब्राह्मणपुरींत. आजोबा वैयाकरण होते. ओसरीवर आठदहा विद्यार्थी घेऊन शिकवीत. ते गेल्यावर ती ओसरी आमच्या तीर्थरूपांकडे आली. त्यांना आम्ही सर्व भावंडें अण्णा म्हणत असूं. गांव तर गाण्याचें. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांजवळ विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले ते ह्याच मिरजेंत. अब्दुल करीम खांसाहेब येथेंच स्थायिक झाले होते. १९३७ सालीं त्यांचा देहान्त झाल्यावर मीरासाहेबांच्या दर्ग्यांत त्यांना चिरविश्रांति मिळाली, आणि त्यांच्या स्मरणार्थ तेथें दर वर्षीं गाणें होतें. आजोबांनीं खांसाहेबांना समोर बसून ऐकलें होतें. तेव्हां आमच्या ओसरीवर व्याकरण चाले म्हणून घरांत गाण्याची समज नव्हती, असें कोणीं समजूं नये. समज होती, आणि तीच आमच्या मार्गांतली मोठी धोंड होती. विद्या गुरुमुखांतूनच आली पाहिजे, हा अण्णांचा सिद्धान्त. जो कोणापुढें बसून शिकला नाहीं त्याचें गाणें तें गाणेंच नव्हे, मग तें कानाला कितीही गोड लागो.

रेडिओ घरीं आला १९६२ सालीं; धाकट्या काकांनीं आणला. त्याचा परवाना पोस्टांतून काढावा लागे. अण्णांनीं त्याला भिंतींतल्या कपाटांत बसविलें आणि कपाटाची किल्ली आपल्या जानव्यास बांधिली. नभोवाणी खात्याचे मंत्री डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे त्यांचे विशेष आवडते; कारण १९५२ पासून दहा वर्षें त्या पदावर असतां केसकरांनीं चित्रपटगीतांना आकाशवाणीचें दार जवळजवळ लावून घेतलें होतें. त्याचा परिणाम असा झाला कीं, सारा देश सिलोनचा रेडिओ ऐकूं लागला, आणि १९५७ सालीं सरकारलाच विविध भारती काढावी लागली. पण अण्णांच्या कपाटापुरतें केसकरांचें राज्य पुढेंही अबाधित चाललें. त्याला अपवाद एकच. सकाळीं सात वाजून सत्तावन्न मिनिटांनीं सिलोनवर कुंदनलाल सैगल यांचें एक गाणें लागत असे. त्या वेळीं अण्णा कपाट उघडीत. घड्याळ लावण्याकरितां उघडतों, असें ते म्हणत. आमच्या घरचें घड्याळ रोज तीन मिनिटें कसें चुकत असे, हें आम्हांस फार दिवस कळलें नाहीं.

आजीची गोष्ट निराळी. ती ह्या घरांत सून होऊन आली त्याच्या थोडेंच आधीं बालगंधर्व ह्याच मिरजेंत शकुंतलेच्या भूमिकेंत पहिल्यानें रंगभूमीवर उभे राहिले होते. पुढें 'मानापमान', 'स्वयंवर', 'एकच प्याला'—कंपनी सांगलीमिरजेकडे आली कीं आजी कांहींतरी नवस बोलून, कांहींतरी निमित्त काढून जात असे. तिच्या नेसण्यांत, अंबाड्यांत, पदर सांवरण्याच्या ढबेंत बालगंधर्व होते. तिच्या काळच्या अनेक गृहिणींच्या नेसण्यांत ते होतेच. १५ जुलै १९६७ रोजीं ते वारले. ती वार्ता आली तेव्हां आम्ही नऊ वर्षांचे होतों. आजी कोणाशीं कांहीं न बोलता परसांत गेली आणि विहिरीचें पाणी ओढून नेसत्या लुगड्यानिशीं डोक्यावरून घेतलें. अण्णा ओसरीवरून पाहत होते. "नटाचें सुतक!" एवढेंच ते म्हणाले. आजीनें ऐकलें असावें. पण ओलेत्यानें देवघराकडे जातांना तिनें वळूनही पाहिलें नाहीं.

आतां आमचें दैवत आम्हांस कोठें भेटलें, तें सांगतों. आमच्या आत्याबाई थोडें गाणें शिकत. १९७० सालच्या आरंभीं त्यांच्या तंबोऱ्याची जवारी बिघडली, म्हणून तो घेऊन आम्हांस सतारमेकरांच्या गल्लींत धाडण्यांत आलें. वार बुधवार, वेळ दिवेलागणीनंतरची. तें दुकान आमच्या डोळ्यांसमोर अजून जसेंच्या तसें आहे. आढ्याला पंढरपूरकडून आलेले भोपळे टांगलेले, खालीं तुणीच्या लांकडाचा भुसा, लाखेचा वास. आणि कोपऱ्यांत फळीवर एक रेडिओ, ज्याला कपाट नव्हतें आणि किल्लीही नव्हती. बुधवारीं रात्रीं आठला सिलोनवर अमीन सायानी यांची गीतमाला लागे, हें ज्ञान हिंदुस्थानांतल्या प्रत्येक पोराला होतें. आम्हांला मात्र त्या रात्रीं प्रथम झालें. 'आराधना' चित्रपटांतलें एक गाणें लागलें. वृद्ध चाचांच्या हातांत कानस होती आणि मांडीवर तंबोऱ्याची घोडी. गाणें सुरू होतांच त्यांचा हात थांबला.

आम्ही अकरा वर्षांचे. मुंज होऊन तीन वर्षें झालेलीं. तोंवर आमच्या कानांवर जे आवाज पडले होते ते सारे कोणाचे ना कोणाचे तरी पडसाद होते. अण्णा आजोबांसारखे म्हणत, आम्ही अण्णांसारखे. अण्णा ज्या श्लोकाच्या आधीं खांकरत त्याच श्लोकाच्या आधीं आम्हीही खांकरत असूं, आणि तें पाठाचें अंगच आहे अशी आमची समजूत होती. हा आवाज मात्र कोणासारखाच नव्हता. तो भरदार होता, आणि भरदार असूनही खेळत होता. शब्द संपल्यावरही तो श्वासानें कांहीं बोलत होता. आम्हीं चाचांना विचारलें कीं, हे गृहस्थ कोणाकडे शिकले. चाचा हसले.

"कुणाकडेच नाहीं, पंडित," ते म्हणाले. (ते आम्हांस पंडितच म्हणत.) "आम्ही कानस घेऊन जन्मभर घोड्या घासतों, घोडीवर दोरा इकडेतिकडे करतों, तेव्हां कुठें तार बोलते. ह्याच्या गळ्याला जवारी वरूनच काढून पाठवली आहे."

तंबोरा दुसऱ्याच दिवशीं तयार झाला. आम्ही मात्र पुढें पांच वर्षें बुधवारीं त्या दुकानांत जात होतों. घरीं सांगावयास निमित्त कधीं पाटी, कधीं गणित, कधीं कोणा सहाध्यायाची वही. खोटें बोलण्याचा हा आमचा आरंभ. ज्यानें आम्हांस खरा सूर म्हणजे काय तें दाखविलें, त्याच्यापायीं आम्ही खोटें बोलावयास शिकलों. ह्यांतली विसंगति त्या वयांत दिसत नसते.

किशोरकुमार यांचें चरित्र तेव्हां कोठें छापलेलें मिळत नव्हतें. जें मिळालें तें कातरणांतून आणि लोकांच्या तोंडून. खरें नांव आभासकुमार गांगुली. जन्म ४ ऑगस्ट १९२९, गांव खांडवा. वडील वकील, थोरले बंधू अशोककुमार प्रसिद्ध नट. गाण्याचें शिक्षण मुळींच नाहीं. लहानपणापासून सैगल हे त्यांचें दैवत. हें कळलें तेव्हां आम्हांस जो आनंद झाला तो काय सांगावा! अण्णांच्या सात सत्तावन्नच्या गाण्यापासून आमच्या बुधवारपर्यंत मध्यें एक पूल होता तर. १९४८ च्या 'जिद्दी'मध्यें ते पहिल्यानें गायले ते सैगलांच्याच चालीवर. पुढें सचिनदेव बर्मन यांनीं त्यांना सांगितलें कीं, नक्कल पुरे, आतां स्वतःचा गळा काढ. अशी आख्यायिका आहे, आणि तिच्यावर आम्ही अक्षरशः जगलों. स्वतःचा गळा सांपडल्यावरही मान मिळावयास वेळ लागलाच. बरीच वर्षें लोक त्यांना विनोदी नट म्हणूनच ओळखीत. 'चलती का नाम गाडी'तले भाऊ ते हेच. मध्यंतरीं १९६४ सालीं सत्यजित राय यांच्यासारख्या कठोर परीक्षकानें 'चारुलता'मध्यें रवींद्रनाथांचें गीत ह्या न शिकलेल्या माणसाकडून गाऊन घेतलें, तें आम्हांस फार उशिरा समजलें. वेळेवर समजलें असतें तर अण्णांपुढें मांडावयास एक चांगलें प्रमाण मिळालें असतें. फिल्मफेअरचें पहिलें पारितोषिक त्यांना 'आराधना'साठीं मिळालें. म्हणजे पहिल्या गाण्यानंतर वीसांहून अधिक वर्षांनीं. त्याच चित्रपटांत महंमद रफी यांचींही सुंदर गाणीं आहेत, हें येथें नमूद न करणें अन्यायाचें होईल. रफींची बाजू घेणारा एक वर्गबंधु आमच्याशीं दोन महिने बोलत नव्हता.

अंध भक्त म्हणून आम्ही हें लिहीत नाहीं. त्यांच्या संसारांची संख्या चार आहे, आणि त्या विषयावर आमच्या घरांतलीं वडील माणसें जें बोलत तें येथें न लिहिलेलें बरें. उत्तरकाळांत त्यांनीं कांहीं गाणीं अशीं गायलीं कीं, तीं न गायलीं असतीं तर कोणाचेंही नुकसान झालें नसतें. पण तारुण्यांत माणूस गुणदोषांची याद करून प्रेम करीत नाहीं.

ही आमची चोरी अण्णांना कळल्यावांचून कशी राहणार? आम्ही रघुवंश म्हणतांना एके दिवशीं ओळीच्या शेवटीं आवाज थोडा लांबवून सोडला. अण्णांनीं पुस्तक मिटलें. पाणिनीय शिक्षेंत अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत: गाऊन म्हणणारा, घाई करणारा, डोकें हलविणारा, लिहिलेलें पाहून वाचणारा, अर्थ न जाणणारा आणि बारीक आवाजाचा. अण्णांनीं ते सहाही आमच्याकडून म्हणून घेतले आणि मग शांतपणें म्हणाले, "तुझा तो गवई पहिल्या तिहींत बसतो. तूं सहांतही बसशील." एवढ्यावर पाठ संपला. रागावले असते तर परवडलें असतें.

त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, जानेवारी १९७३ मध्यें, आमच्या हातून ती गोष्ट घडली. सांगलीस एका दुकानांत 'आराधना'ची तबकडी आम्हीं पाहिली होती. ती आपल्याजवळ असावी, एवढीच इच्छा. ती वाजविणार कशावर, हा प्रश्न आम्हांस पडलाच नाहीं. देव्हाऱ्यांतल्या मूर्तीला बोलतें करण्याचें यंत्र कोणी मागतो काय? पैसे नव्हते. आजोबांच्या पुस्तकांच्या कपाटांत निर्णयसागर छापखान्याची सिद्धान्तकौमुदी होती. आजोबांनीं चाळीस वर्षें ज्या प्रतीवरून शिकविलें ती ही. तिच्या प्रत्येक पानाच्या समासांत बोरूनें, मुंगीएवढ्या अक्षरांत, त्यांच्या टिपा होत्या. कांहीं त्यांच्या गुरूंकडून ऐकलेल्या, कांहीं स्वतःच्या. अण्णांच्या पाठशाळेंत छापील नवी प्रत वापरांत असे, म्हणून ही कपाटांत विसावली होती. ती कोणी पाहणार नाहीं, असा आम्हीं हिशेब केला. जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्यानें बारा रुपये दिले. कमी पडले ते एका मित्रानें घातले. समासांत लिहिलेलें आहे म्हणून त्यानें किंमत कमी केली, हें आम्हांस अजून आठवतें. आणि आम्हीं त्याच्याशीं घासाघीस केली, हेंही आठवतें.

तबकडी आणली आणि गादीखालीं ठेविली. रात्रीं दिवे मालवल्यावर तिच्यावरून बोट फिरवावयाचें, चरे मोजावयाचे, आणि मनांत गाणें म्हणावयाचें. असें आठ दिवस झाले. नवव्या दिवशीं अण्णा कपाटापाशीं बराच वेळ उभे होते. एक पुस्तक काढीत, जागीं ठेवीत. मग दार लावलें. संध्याकाळीं आमच्याकडे पाहून त्यांनीं नित्याप्रमाणें संथा दिली. त्या विषयीं ते त्या दिवशीं बोलले नाहींत, दुसऱ्या दिवशीं बोलले नाहींत, आणि पुढें हयातींत कधींही बोलले नाहींत. आम्ही पंधरा दिवसांनीं त्या व्यापाऱ्याकडे धांवत गेलों. प्रत कोणीं नेली होती. कोणीं, तें त्यास सांगतां आलें नाहीं. तबकडी माळ्यावर गेली ती तेव्हांच.

१९७४ सालीं आम्ही जुन्या अकरावीची मॅट्रिक झालों, आणि घरच्याच पाठशाळेंत व अन्यत्र संस्कृताचें अध्ययन सुरू ठेवलें. दुसऱ्या वर्षीं आणीबाणी आली. आमचे धाकटे काका, ज्यांनीं रेडिओ आणला होता ते, पकडले जाऊन येरवड्यास गेले. काकू दोन लहान मुलें घेऊन माजघरांत बसून असत, आणि जेवणाच्या पंगतींत काकांचा पाट रिकामा मांडला जाई. अण्णांचा तसा नियमच होता. मे १९७६ मध्यें विविध भारतीवरून किशोरकुमार एकाएकीं नाहींसे झाले. वर्तमानपत्रांतून मोकळेपणानें कांहीं छापून येण्याचे ते दिवस नव्हते. पण सतारमेकरांच्या गल्लीस कोणीं सांगावें लागलें नाहीं. सरकारच्या वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचारास हातभार लावण्यास त्यांनीं नकार दिला, म्हणून नभोवाणी मंत्री विद्याचरण शुक्ल यांच्या खात्यानें आकाशवाणी आणि दूरदर्शन दोहोंवर त्यांचीं गाणीं बंद केलीं, हें पुढें शहा आयोगापुढें उघड झालें. तेव्हां मात्र तें कर्णोपकर्णी फिरत होतें. रात्रीं अंगणांत बाजा टाकून पडलों असतां आम्हीं हें हळूच धाकट्या भावास सांगितलें. पलीकडच्या बाजेवरून अण्णांचा आवाज आला.

"काय म्हणालास? गात नाहीं म्हणाला?"

"हो."

"कोणाला?"

"सरकारला."

बराच वेळ कांहीं ऐकूं आलें नाहीं. आम्हांस वाटलें, त्यांना झोंप लागली. पण बुधवारीं रात्रीं आठाला पांच मिनिटें असतां अण्णा कपाटापाशीं गेले, जानव्याची किल्ली लाविली आणि म्हणाले, "तुझें तें आज असतें ना?" घरांत कोणी हाललें नाहीं. सिलोनवर दिल्लीचा हुकूम चालत नव्हता. खरखर झाली, गाणीं लागलीं, आणि मग तो आवाज लागला. काकू दारांत येऊन उभी राहिली. आजी तेव्हां अंथरुणाला खिळलेली. तिनें आंतून आवाज मोठा करावयास सांगितलें, आणि अण्णांनीं भिंतीलाही कान असतात असें पुटपुटत तो मोठा केला. गाणें होईपर्यंत ते हात मागें बांधून उभे होते. नंतर किल्ली फिरवितांना एवढेंच म्हणाले, "घाई करतो. पण अर्थ कळतो त्याला."

सहांपैकीं एका दोषांतून आमचे गवई सुटले होते. आम्हांस त्या रात्रीं झोंप आली नाहीं, पण ती आनंदामुळें नव्हे. गादीखालची जागा रिकामी होती, कपाटांतली जागाही रिकामी होती, आणि हें सर्व ठाऊक असून ज्यानें आमच्यासाठीं किल्ली सोडली तो माणूस पलीकडच्या बाजेवर स्वस्थ घोरत होता.

१९८० पासून छत्तीस वर्षें आम्हीं शाळेंत संस्कृत शिकविलें. ह्या काळाविषयीं विशेष सांगण्यासारखें नाहीं. अजविलाप शिकवितांना आम्ही मुलांस चालीवर म्हणूं देत नसूं. आधीं अर्थ समजून घ्या, मग तुमच्या घरीं कोणी गेलें तेव्हां कोण कसें बोललें तें आठवा, आणि त्या आवाजांत म्हणा, असें सांगत असूं. एका तपासनीसांनीं, पाठांतराची शिस्त नाहीं, असा शेरा मारला. तो शेरा योग्यच होता. त्याच तासाला मागच्या बांकावरचा एक मुलगा, ज्याची आई त्याच वर्षीं वारली होती, उभा राहून चार श्लोक म्हणाला, आणि आम्हांस खिडकीबाहेर पाहावें लागलें. हें आम्ही पाठशाळेंत शिकलों नव्हतों. खांकरण्याची संवय मात्र शेवटपर्यंत गेली नाहीं.

१३ ऑक्टोबर १९८७, मंगळवार. थोरले बंधु अशोककुमार यांचा त्या दिवशीं वाढदिवस. आणि त्याच दिवशीं मुंबईंत हृदयविकारानें किशोरकुमार गेले. वय अठ्ठावन्न. त्याच वर्षीं 'गंमत जंमत' ह्या चित्रपटांत ते मराठींत गायले होते, आणि आमचीं मुलें तें गाणें घरभर म्हणत फिरत होतीं. वार्ता ऐकल्यावर आम्ही कोणाशीं न बोलता न्हाणीघराकडे गेलों. आम्ही एकोणतीस वर्षांचे, दोन मुलांचे बाप, शाळेंतले मास्तर. कोणीं पाहिलें तर काय म्हणेल, हा विचार होताच. बंबांत सकाळचें ऊन पाणी उरलें होतें. तांब्या बुडवणार तोंच मागून अण्णांचा आवाज आला. आजीला जाऊन तेव्हां दहा वर्षें झालीं होतीं, आणि अण्णांचेही केस पांढरे झाले होते.

"सुतकाची आंघोळ ऊन पाण्यानें करीत नाहींत," ते म्हणाले. "विहिरीवर जा."

आम्ही विहिरीवर गेलों. पोहरा अण्णांनीं ओढून दिला.

अण्णा १९९४ सालीं गेले. दिवसपाणी झाल्यावर त्यांचीं पुस्तकें लावतांना, त्यांच्या बसण्याच्या चौरंगामागें, सिद्धान्तकौमुदीची एक प्रत सांपडली. ती ओसरीवर वापरांत असलेली नव्हे. हिला आम्हीं पूर्वीं कधीं पाहिलें नव्हतें. पहिल्या पानावर त्यांच्या हातची नोंद होती: पुणें, माघ, शके १८९४. म्हणजे आम्हीं आजोबांची प्रत विकली त्याच्या दुसऱ्याच महिन्यांत ते पुण्यास जाऊन ही घेऊन आले होते. पानें उलटलीं. समासांत, मुंगीएवढ्या अक्षरांत, टिपा होत्या. अक्षर अण्णांचें, टिपा आजोबांच्या. ज्या प्रतीवरून ते स्वतः लहानपणीं शिकले, ती आठवून आठवून ते वीसएक वर्षें समासांत पुन्हां लिहीत होते. संज्ञा, संधि, स्त्रीप्रत्यय, कारक, समास. जेथें नक्की आठवलें नाहीं तेथें बारीक प्रश्नचिन्ह. तद्धिताच्या आरंभीं चारपांच पानें झाल्यावर शाई संपावी तशा टिपा संपल्या आहेत.

मोबाईलवरचें गाणें संपल्यावर नातू आमच्या मागोमाग विहिरीपाशीं आला होता. सांगलींत एका स्नेह्याकडे तबकड्यांचें जुनें यंत्र आहे; तेथें जाऊन ती वाजवून आणावी, असा मुलांचा बेत आहे. आम्हीं अजून होकार दिलेला नाहीं. तबकडी कडेला थोडी वांकली आहे, सुई टिकेल कीं नाहीं, असें कारण तूर्त सांगितलें आहे. दुपारीं जेवणें आटोपून घर निजलें म्हणजे आम्ही अण्णांची प्रत घेऊन ओसरीवर बसतों. त्यांच्या तोंडून तद्धित आम्हीं ऐकलेलें आहे. त्यांपैकीं आठवेल तें समासांत लिहितों. रोज दोन ओळी होतात, कधीं एक. प्रश्नचिन्हें आमचीं फार आहेत.